जपानमधलं विद्यार्थी जीवन : २८ तासांपासून उपासाच्या रताळ्यापर्यंत

एप्रिलच्या प्रवेशाचे व्हिसे हातात पडले की सदराकडे येणारे प्रश्न बदलतात. तोवर ‘मिळेल का’ असं विचारणारे ‘मिळाला, आता काय’ विचारू लागतात. आधीपासून तिथे असलेल्यांचीही पत्रं आहेत, आणि त्यांतली काही जरा घाबरूनच लिहिलेली आहेत. निवडक प्रश्न घेतो.

प्रश्न : मी टोकियोत भाषा-शाळेत शिकते. कोन्बिनीत (चोवीस तास चालणाऱ्या छोट्या दुकानात) आठवड्याला २० तास बाइतो, म्हणजे अर्धवेळ काम, करते. एका भारतीय रेस्टॉरंटचे मालक शनिवार-रविवार मिळून १४ तास काम द्यायला तयार आहेत, पगार रोख देईन म्हणतात. रोखीचं काम न्यूकानला (इमिग्रेशन कार्यालयाला) कळतं का? (मूळची पुण्याची विद्यार्थिनी)

उत्तर : कळतं, आणि बहुतेक वेळा उशिरा कळतं. खरी मेख तिथेच आहे. काम करताना कुणी अडवत नाही. अडतं ते वर्ष-दीड वर्षाने, व्हिसाची मुदत वाढवायला जाल तेव्हा.

नियम असा. ‘र्‍यूगाकु’ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर मुळात नोकरीची परवानगीच नसते. ‘शिकाकुगाई कात्सुदो’ची, म्हणजे व्हिसाबाहेरच्या कामाची, वेगळी परवानगी घेतली की आठवड्याला २८ तास काम करता येतं. पहिल्यांदा उतरताना विमानतळावरच तिचा अर्ज करता येतो, आणि परवानगीची नोंद तुमच्या झाइर्‍यू कार्डाच्या (रहिवासी कार्डाच्या) मागे असते. २८ तास म्हणजे सगळ्या नोकऱ्या मिळून २८. वीस अधिक चौदा चौतीस होतात, मग पैसे खात्यात येवोत की पाकिटात. आठवडा सोमवारीच सुरू होतो असंही धरू नका. कुठल्याही वारापासून सलग सात दिवस मोजले तरी बेरीज २८ च्या आत हवी. शाळेच्या नियमांत लिहिलेल्या दीर्घ सुट्टीत दिवसाला ८ तासांपर्यंत सवलत आहे. तीही तुम्ही स्वतः घेतलेल्या सुट्टीला लागू नाही.

कळतं कसं? परदेशी माणसाला कामावर घेतलं की मालकाला ती माहिती सरकारकडे द्यावी लागते. वर्षभरात कुणाला किती पगार दिला, त्याचा तक्ता दर जानेवारीत कर्मचाऱ्याच्या राहत्या नगरपालिकेकडे जातो. त्यावरून तुमचा कराचा दाखला तयार होतो, आणि मुदतवाढीच्या वेळी न्यूकान तोच मागू शकतं. टोकियोत ऑक्टोबर २०२५ पासून किमान वेतन ताशी १,२२६ येन आहे. वर्षाच्या कमाईला ताशी दराने भागलं की तास निघतात. हा भागाकार त्यांना उत्तम येतो. मालकाने रोखीचा पगार दाखवलाच नाही, तर तुमच्या बेकायदा तासांत त्याची लबाडी मिळते. उद्या त्याच्याकडे तपासणी झाली, तर तुमचं नाव त्याच्या वहीतूनच बाहेर पडेल.

आणखी दोन गोष्टी तुम्ही विचारलेल्या नाहीत, पण सांगतो. पाचिंको (जुगाराच्या यंत्रांची दुकानं), माजोंगचे अड्डे, ग्राहकाशेजारी बसून दारू ओतावी लागते असे बार या ठिकाणी एक तासही काम चालत नाही, अगदी मागे भांडी घासायचं असलं तरी. दुसरं म्हणजे, ही परवानगी तुम्ही शाळेत असेपर्यंतच. मार्चमध्ये शिक्षण संपलं आणि कार्डावर जुलैपर्यंतची तारीख असली, तरी एप्रिलपासूनची बाइतो बेकायदा. चांगले हुशार पदवीधर इथे अडकतात. पदवीनंतर नोकरी शोधायला थांबायचं असेल, तर विद्यापीठाच्या शिफारशीवर ‘तोकुतेई कात्सुदो’ हा व्हिसा सहा महिन्यांचा मिळतो, एकदा वाढवता येतो, आणि त्यावर बाइतोची परवानगी नव्याने काढावी लागते.

पैसे खरंच पुरत नसतील, तर आधी शाळेच्या कार्यालयात जाऊन सांगा. फी हप्त्यांनी भरायची सोय बऱ्याच ठिकाणी होते. जास्सो या सरकारी विद्यार्थी-सहाय्य संस्थेमार्फतची शिष्यवृत्तीही शाळेच्या शिफारशीनेच मिळते, आणि तिथे हजेरी बघतात. चौतीस तास काम करून सकाळच्या वर्गात डुलक्या घेणाऱ्याची शिफारस कोण करणार?

प्रश्न : मुलगी एप्रिलमध्ये ओसाकाला चालली आहे. सोबत हापूस, तूरडाळ, कढीपत्ता, लोणचं आणि वर्षभराची थायरॉइडची औषधं द्यायची आहेत. मामा गोव्याहून चोरीस (डुकराच्या मांसाचं सॉसेज) आणून देणार आहे. काय चालेल? (साताऱ्याची एक आई)

उत्तर : ताई, लोणचं द्या. बाकीच्या यादीला कात्री लावावी लागेल.

चोरीस अजिबात नको. मांस आणि मांसाचे पदार्थ, मग ते शिजवलेले असोत, वाळवलेले असोत की डबाबंद पाकिटातले, प्रवाशाने भारतातून आणायला बंदी आहे. दंड ३० लाख येनपर्यंत आणि तुरुंगवासही होऊ शकतो. विमानतळावर त्यासाठी वास काढणारी कुत्री असतात, आणि चोरीस ओळखायला कुत्राही लागत नाही. ताजी फळं, पालेभाज्या, बिया, कच्च्या डाळी आणि धान्य यांना निघतानाच्या देशातलं वनस्पती-तपासणीचं प्रमाणपत्र लागतं. हापूस आणि कढीपत्ता तर विमानतळावरच काढून घेतात. तूरडाळीसाठी एवढा व्याप कशाला? ओसाका-कोबेकडे भारतीय वस्ती जुनी आहे, किराणा मिळतो. दळलेले मसाले, मेतकूट, भाजणी, चटण्या द्या. त्यांचीच आठवण जास्त येते.

औषधांचं मात्र गांभीर्याने घ्या. डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं एका महिन्यापुरती नेता येतात. त्याहून जास्त न्यायची असतील, तर निघण्याआधी ‘युन्यू काकुनिन्शो’ हा दाखला काढावा लागतो. अर्ज ऑनलाइन होतो. थायरॉइडच्या गोळ्या जपानमध्ये सहज मिळतात, त्यामुळे महिन्याचा साठा, इंग्रजीत लिहिलेली चिठ्ठी आणि ताजा रिपोर्ट दिलात की पुरे. सर्दी-खोकल्याची औषधं देताना वेष्टनावरची घटकांची यादी वाचा. कोडीन आणि स्यूडोएफेड्रीन यांच्यावर तिथे प्रमाणाची मर्यादा आहे. अँफेटामाइन असलेलं औषध तर डॉक्टरांची चिठ्ठी असली तरी नेता येत नाही. ‘घरातली नेहमीची बाटली’ म्हणून बॅगेत टाकू नका.

प्रश्न : पेन्शन कार्यालयाचं पाकीट आलंय. महिन्याला साडेसतरा हजार येन भरा म्हणतात! मी २३ वर्षांचा, दोन वर्षांनी परत जाणार. फेकून देऊ का? आरोग्य विम्याचंही बिल आलंय. (फुकुओका)

उत्तर : फेकू नका. २० ते ५९ वयाच्या प्रत्येक रहिवाशाला राष्ट्रीय पेन्शन लागू आहे, परदेशी असला तरी. २०२५ च्या आर्थिक वर्षात हप्ता १७,५१० येन होता. पण तुमच्याकडे उत्पन्न नाही, हे कुणीतरी त्यांना सांगायला हवं, आणि ते कुणीतरी म्हणजे तुम्हीच. कुयाकुशोत (वॉर्ड कार्यालयात) विद्यार्थी ओळखपत्राची प्रत घेऊन जा आणि ‘गाकुसेई नोफु तोकुरेई’चा अर्ज मागा. मंजूर झाला की विद्यार्थी असेपर्यंत हप्ता भरावा लागत नाही. अट एवढीच, की एप्रिल ते मार्च अशा प्रत्येक वर्षासाठी अर्ज नव्याने करायचा. भाषा-शाळा असेल, तर ती या सवलतीच्या यादीत आहे का ते विचारा. नसेल तर कमी उत्पन्नाची सर्वसाधारण माफी मागता येते.

‘नाहीतरी भरायचं नाही, मग अर्ज कशाला’ असं बरेचजण म्हणतात. कारण सोपं आहे. सायकलवरून जाताना अपघात होऊन कायमचं अपंगत्व आलं, तर अपंगत्व पेन्शन मिळते की नाही हे याच नोंदीवरून ठरतं. माफी मंजूर असलेला तिथे पात्र धरला जातो. पाकीट फेकलेला धरला जात नाही.

विम्याचं बिल मात्र भरा. दवाखान्यातला ७० टक्के खर्च विमा उचलतो, तुम्ही ३० टक्के देता. दातांची बहुतेक कामंही त्यात येतात. कमाई शून्य असली तरी ‘उत्पन्न नाही’ असं कुयाकुशोत लिहून द्या, कारण सवलतीचा दर त्या कागदाशिवाय लागत नाही. हा अर्ज राहिला म्हणून पूर्ण दराने बिल येणारे विद्यार्थी थोडेथोडके नाहीत. आणि डिसेंबर २०२४ पासून जुनं विमा कार्ड नव्याने देणं बंद झालंय. माय नंबर कार्ड (तिथलं आधारसारखं कार्ड) नसेल तर ‘शिकाकु काकुनिन्शो’ नावाचा कागद मिळतो, तो पाकिटात ठेवा.

प्रश्न : मी शाकाहारी आहे, अंडंही खात नाही. दुकानदाराला विचारलं की ‘मांस नाही’ म्हणतात, पण नंतर कळतं की मासे होते. कसं ओळखायचं? (क्योतो)

उत्तर : दुकानदार खोटं बोलत नाही. त्याच्या लेखी मासा म्हणजे मांस नव्हे, आणि माशाचं पाणी तर मुळीच नव्हे. तुमचा खरा सामना ‘दाशी’शी आहे. वाळवलेल्या कात्सुओ माशाच्या किसाचा हा अर्क मिसो सूपमध्ये असतो, उदोन-सोबा या नूडल्सच्या रश्श्यात असतो, तेंपुरासोबतच्या सॉसमध्ये असतो. निरागस दिसणाऱ्या इनारी-सुशीचं टोफूचं आवरणही बहुधा त्यातच शिजवलेलं असतं. नात्तो म्हणजे आंबवलेलं सोयाबीन, पण सोबतची सॉसची पुडी बघा, त्यातही कात्सुओ. म्हणून ‘मी व्हेजिटेरियन’ म्हणण्यापेक्षा ‘निकु तो साकाना वा ताबेरारेमासेन, दाशी मो’ (मांस-मासे खाऊ शकत नाही, दाशीसुद्धा) असं वाक्य पाठ करा.

पाकिटावर ॲलर्जीची यादी असते. तिच्यात काही पदार्थ लिहिणं सक्तीचं आहे; अंडं, दूध, गहू, सोबा (कुट्टू), शेंगदाणा, कोळंबी, खेकडा आणि अक्रोड हे त्यांतलेच. म्हणजे अंडं तुम्हाला तिथेच सापडेल. मांस आणि मासे मात्र त्या सक्तीच्या पदार्थांत नाहीत, त्यासाठी पूर्ण घटकयादी वाचावी लागते. ‘एकिसु’ (अर्क) शब्दाच्या आधी डुक्कर, कोंबडी, गाय किंवा कात्सुओ असेल तर ठेवून द्या. फोनचा कॅमेरा भाषांतर करतो, पण ही चार-पाच चिन्हं डोळ्यांना ओळखीची करून घेतलीत तर खरेदी निम्म्या वेळात होईल. जेलीत ‘कांतेन’ असेल तर ती समुद्री शेवाळाची, बिनधास्त खा. ‘झेराचिन’ (जिलेटिन) असेल तर नाही.

क्योतोत आहात हे नशीब. बौद्ध मठांच्या ‘शोजिन र्‍योरी’त मांस-मासे नसतात आणि दाशी कोंबू या समुद्री शेवाळाची किंवा मशरूमची असते. महाग आहे, वाढदिवसाला जा. रोजच्यासाठी घरी कुकर हाच उपाय. आणि एकादशी करणाऱ्यांसाठी सांगतो, उपासाची सोय जपानइतकी थोड्या देशांत असेल : हिवाळ्यात भाजलेली रताळी सुपरमार्केटच्या दारातच गरम मिळतात, आणि चिबा प्रांताचे शेंगदाणे तर प्रसिद्धच आहेत.

प्रश्न : मित्र भारतात परत जाताना त्याची सायकल मला देऊन गेला. पोलिसांनी अडवून अर्धा तास चौकशी केली. माझं काय चुकलं? (नागोया)

उत्तर : सायकलवर ‘बोहान तोरोकु’चा (चोरी-प्रतिबंधक नोंदणीचा) स्टिकर असतो आणि ती अजून मित्राच्या नावावर आहे. पोलिसांना चोरीचा संशय येणं स्वाभाविक. मित्राकडून सही केलेला हस्तांतराचा कागद मागवा आणि सायकलच्या दुकानात तुमच्या नावावर नोंदणी करून घ्या. थोडी फी लागेल, पण काम मिटेल. चालवताना डावीकडून, रात्री दिवा लावून, डबलसीट नाही, हातात छत्री नाही. फोन हातात धरून चालवणं आता फार महागात पडतं. एप्रिल २०२६ पासून सायकलस्वारांनाही जागेवर दंडाची पावती लागू आहे, त्यात फोनला १२,००० येन. दारू पिऊन सायकल हा तर सरळ गुन्हा.

प्रश्न : भूकंपाच्या भीतीने झोप लागत नाही. मुलगा सेंदाईला आहे. (कोल्हापूरचे एक वडील)

उत्तर : काका, त्याला एवढं विचारा : इमारत जून १९८१ नंतरच्या बांधकाम नियमांची आहे का, जवळचा निवारा म्हणून ठरलेली शाळा कुठली, आणि कपाट भिंतीला ठोकलंय का. हादरा बसला की बाहेर पळायचं नाही, टेबलाखाली जायचं. मोठ्या भूकंपानंतर फोन लागत नाहीत, तेव्हा घाबरू नका. १७१ या क्रमांकावर आवाजी निरोप ठेवायची सोय जपानमध्ये आहे, पण तुम्हाला कोल्हापुरातून त्यापेक्षा मेसेज सोपा. ‘हादरा बसला की आधी एक शब्द पाठव, फोन नंतर’ असं घरात ठरवून ठेवा. आग आणि रुग्णवाहिकेसाठी ११९, पोलिसांसाठी ११०. रुग्णवाहिकेचे पैसे लागत नाहीत.

प्रश्न : कोर्स संपवून कायमचा परत येतोय. मेसेज आलाय की बँक खातं आणि कार्ड ३०,००० येनला विकत घेऊ. विकून टाकू का? (टोकियो)

उत्तर : नाही. खातं विकणं हा जपानमध्ये गुन्हा आहे. ते खातं फसवणुकीच्या पैशांसाठी वापरतात, आणि नाव तुमचं राहतं. पुन्हा कधी नोकरीच्या व्हिसासाठी अर्ज केलात, तर हे प्रकरण आडवं येईल. खातं बंद करा, पण आधी विजेचं शेवटचं बिल आणि फोनचा हप्ता त्यातून जाऊ द्या. घरमालकाला साधारण महिनाभर आधी कळवा. करारातली मुदत बघा. फ्रिज, टीव्ही, वॉशिंग मशीन आणि एसी कचऱ्यात टाकता येत नाहीत, त्यांचं पुनर्वापर शुल्क भरावं लागतं. गादी-टेबलासाठी ‘सोदाई गोमी’ची (मोठा कचरा उचलण्याची) वेळ घेऊन कोन्बिनीतून स्टिकर आणायचा. मार्चअखेर सगळेच खोल्या सोडतात, तेव्हा ही वेळ आठवडे-आठवडे मिळत नाही, म्हणून आजच नोंदवा. कुयाकुशोत ‘तेन्शुत्सु तोदोके’, म्हणजे पत्ता सोडत असल्याची सूचना, द्या. पेन्शनचे हप्ते सहा महिने किंवा जास्त भरले असतील, तर देश सोडल्यापासून दोन वर्षांच्या आत एकरकमी परतावा मागता येतो. माफीचे महिने त्यात धरत नाहीत. विमानतळावर रहिवासी कार्ड अधिकाऱ्याच्या हातात द्या. आणि फक्त सुट्टीसाठी येत असाल, तर उलट करा : कार्ड जवळ ठेवा आणि फॉर्मवर ‘परत येणार’ची खूण करायला विसरू नका. ती राहिली की व्हिसा तिथेच संपतो.