मृगाचे हरीण आणि ग्रीकांचा शिकारी

प्रश्न : मृग नक्षत्रात आपल्याकडे हरीण पाहतात, तर ग्रीक लोक त्याच ताऱ्यांत शिकारी पाहत. या कथांमध्ये काही साम्य आहे का? शिवाय जूनमध्ये मृग लागतो, तेव्हा तो आकाशात का दिसत नाही?

उत्तर : मृगाचे तारे ठळक आहेत आणि त्याच्या मध्यातील, एका ओळीतील तीन तारे खगोलीय विषुववृत्ताच्या (पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या बरोबर वर आकाशात कल्पिलेल्या रेषेच्या) अगदी जवळ असल्याने ते दोन्ही गोलार्धांतून दिसतात. त्यामुळे त्यांच्याविषयी बहुतेक सर्व समाजांत कथा निर्माण झाल्या.

ऐतरेय ब्राह्मण या वैदिक ग्रंथातील कथेनुसार प्रजापतीला स्वतःच्या कन्येविषयी अभिलाषा उत्पन्न झाली. ती रोहित म्हणजे तांबूस मृगीचे रूप घेऊन पळाली, तेव्हा तोही मृग होऊन तिच्यामागे धावला आणि या अनाचाराने संतापलेल्या देवांनी आपापली घोर रूपे एकत्र करून निर्माण केलेल्या पुरुषाने त्याचा बाणाने वेध घेतला. आकाशात ती कन्या म्हणजे रोहिणी, वेध घेणारा तो व्याधाचा तारा आणि मधले तीन तारे म्हणजे मृगाच्या शरीरात रुतलेला त्रिकांड (तीन पेरांचा) बाण. ग्रीकांच्या कथेत याच ताऱ्यांचा ओरायन हा बलाढ्य शिकारी होतो, बाणाच्या जागी त्याचा कमरपट्टा येतो आणि व्याध त्याचा कुत्रा ठरतो. प्राचीन इजिप्तमध्ये हे तारे ओसिरिस देवाशी आणि व्याध त्याची पत्नी इसिस हिच्याशी जोडलेला होता, तर ऑस्ट्रेलियातील योल्ङू लोकांना त्या तीन ताऱ्यांत निषिद्ध मासा खाल्ल्यामुळे होडीसह आकाशात फेकले गेलेले तीन भाऊ दिसतात.

आकृतीचा अर्थ लावताना प्रत्येक समाजाने कल्पनेला मोकळीक दिलेली दिसते. मात्र जेथे आकाशाची गतीच कथेला आधार देते, तेथे विलक्षण साम्य आढळते. मृग मावळतो तेव्हा वृश्चिक उगवतो. ग्रीकांनी त्यावरून ओरायन विंचवाच्या दंशाने मेला आणि आजही त्याच्यापासून पळतो असे सांगितले, तर चीनमधील कथेत सतत भांडणाऱ्या दोन राजपुत्रांना एकमेकांपासून दूर पाठवून एकाकडे मृगाचे आणि दुसऱ्याकडे वृश्चिकातील ताऱ्यांचे पूजन सोपवले गेले, म्हणून त्यांची भेट कधी होत नाही. या दोन कथांचा परस्परांशी संबंध जोडण्याची मुळीच गरज नाही, कारण आकाश दोघांनाही तेच दिसत होते. महाराष्ट्रातून मात्र हा नियम थोडा सैल पडतो. आपण दक्षिणेकडे असल्याने वृश्चिक जरा लवकर उगवतो आणि मेच्या पहिल्या आठवड्यात रात्री साडेनऊच्या सुमारास, क्षितिज मोकळे असल्यास, पश्चिमेला मावळणारा मृग आणि आग्नेयेला नुकतीच वर आलेली वृश्चिकातील तांबूस तारका ज्येष्ठा काही मिनिटे एकाच वेळी पाहता येतात.

आता जूनविषयी. आपल्या पंचांगांत मृग लागतो म्हणजे सूर्य त्या नक्षत्रात प्रवेश करतो. ही तारीख साधारणपणे 7 किंवा 8 जून असते. पेरणीचे वेध लावणारे हे नक्षत्र सूर्याबरोबरच उगवते आणि मावळते, त्यामुळे ते त्याच्या तेजात लपून जाते. जुलैत ते पहाटे पूर्वेला पुन्हा दिसू लागते, पण तोवर पावसाळी ढग आलेले असतात. म्हणून निरीक्षणासाठी जानेवारीतील रात्री उत्तम.