पुदिना आणि बाळंतशोपा यांत एकच रेणू असतो, मग नाकाला फरक कसा कळतो?

रेणू एकच म्हणणं अर्धंच खरं आहे. दोन्हींत कार्व्होन असतो: १० कार्बन, १४ हायड्रोजन, १ ऑक्सिजन. जोडणीही तीच, उत्कलनबिंदूही तोच. फक्त एका कार्बनभोवतीची मांडणी उलटी, म्हणून दोन्ही रेणू एकमेकांची आरशातली प्रतिबिंबं. वास भेसळीमुळे बदलत असेल, ही शंका १९७१ साली मिटली. एका कार्व्होनचं दुसऱ्यात रूपांतर केलं, तसा वासही बदलला.

आता नाकाकडे या. वासाचा रिसेप्टर, म्हणजे वासाचा रेणू पकडणारा ग्राहक, हे प्रथिन असतं, पेशीच्या पटलातून सात वेळा आरपार गेलेलं. ते ज्या अमिनो आम्लांचं बनतं ती ग्लायसीन सोडून सगळी ‘डाव्या हाताची’, म्हणजे आरशातल्या दोन रूपांपैकी एकाच रूपाची. त्यामुळे आतली खोबणसुद्धा डावी-उजवी असते, आणि माझ्या मते सगळं उत्तर इथेच आहे. अशा खोबणीत ऑक्सिजन आपल्या जागी टेकवला की एका कार्व्होनची शेपटी तेलकट कोपऱ्यात जाते, तर दुसऱ्याची भलत्याच भिंतीवर आदळते. पुस्तकांत यासाठी तीन ठिकाणी पकड लागते असं असतं. ती कल्पना १९३३ची. पण रेणू दोन्ही बाजूंनी आत शिरू शकत असेल तर तीन पुरत नाहीत, चौथी जागा किंवा ठरलेली दिशा लागते.

‘एक बसतो, दुसरा बसतच नाही’ असं मात्र समजू नका. फरक बहुधा कमी-जास्त पकडीचा असतो. माणसाकडे सुमारे ४०० प्रकारचे वासाचे रिसेप्टर आहेत. काही दोघांनाही दाद देतात, काही एकालाच जास्त. मेंदू त्या सगळ्यांची मिळून नक्षी वाचतो. म्हणूनच आरशातल्या काही जोड्यांचे वास बहुतेकांना सारखेच येतात.

मी बडोद्यात औषधांच्या प्रयोगशाळेत काम करतो. तिथे हेच रोज दिसतं. साल्ब्युटामॉल या दम्यावरच्या औषधाच्या आरशातल्या दोन रूपांपैकी श्वासनलिका सैल करण्याचं काम मुख्यतः एकच करतं. ती दोन रूपं वेगळी करायला साधा कॉलम (मिश्रणातले रेणू वेगळे करणारी भरलेली नळी) चालत नाही. स्वतःच डावा-उजवा असलेला कायरल कॉलम लागतो, उदाहरणार्थ सेल्युलोजपासून केलेला.

स्वतः पाहायचं असेल तर खंडेराव मार्केटातून पुदिना आणा, वाण्याकडून बाळंतशोपा (इथे ‘सुवा’ म्हणून मागा) आणि दोन्ही वेगवेगळे चुरगाळून हुंगा. दोन्हींत इतर तेलंही असतात, तरी मुख्य फरक कळतो.