पक्षाचं वेळापत्रक मोडून आधीच प्रायमरी घेणाऱ्या राज्याला फेरमतदान मिळावं का?

राज्याला नाही, मतदाराला मिळावं. आणि तेही उमेदवारीची शर्यत संपायच्या आत. (प्रायमरी म्हणजे पक्षाचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ठरवण्यासाठी राज्याराज्यात होणारं मतदान.)

‘नियम मोडला की त्याची फळं भोगावीत, दुसरी संधी कसली?’ असं तुम्ही प्रश्नाखाली जोडलंय. नेमकं हेच वाक्य माझ्या धाकट्या दिरांनी मला माझ्याच घरात ऐकवलं होतं, म्हणून लिहायला बसले.

आम्ही मिशिगनमध्ये, डेट्रॉइटच्या एका उपनगरात राहतो. नागरिकत्व २००७ मध्ये मिळालं, त्यामुळे १५ जानेवारी २००८ ची प्रायमरी हे माझं अमेरिकेतलं पहिलं मतदान. डेमोक्रॅटिक पक्षाने ५ फेब्रुवारीच्या आधी फक्त आयोवा, न्यू हॅम्पशायर, नेवाडा आणि साउथ कॅरोलायना यांना मुभा दिली होती. आमच्या विधिमंडळाने तरीही तारीख जानेवारीत आणली, गव्हर्नर ग्रॅनहोम यांनी सही केली. ऑक्टोबरमध्ये ओबामा, एडवर्ड्स, रिचर्डसन आणि बायडन यांनी आपली नावं मतपत्रिकेवरून काढून घेतली आणि १ डिसेंबरला पक्षाच्या नियम समितीने मिशिगनचे सगळे डेलिगेट, म्हणजे पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार निवडणारे प्रतिनिधी, रद्द केले. यातली एकही गोष्ट मला किंवा माझ्या शेजाऱ्यांना विचारून झाली नव्हती.

मला ओबामांना मत द्यायचं होतं. मतदान केंद्र जवळच्या शाळेत होतं, थंडी मरणाची. डेमोक्रॅटिक मतपत्रिका मागून घेतली. तिच्यावर हिलरी क्लिंटन, कुसिनिच, ग्रॅव्हेल, आयोवाच्या निकालानंतर शर्यतीतूनच बाहेर पडलेले डॉड, आणि शेवटी ‘अनकमिटेड’, म्हणजे कुठल्याच उमेदवाराला न बांधलेलं मत. ओबामांचं नाव हाताने लिहिलं तर ते मत मोजलंच जाणार नाही, हे राज्यातल्या पक्षाने आधीच सांगून ठेवलं होतं. तेव्हा मी ‘अनकमिटेड’चा गोल भरला. आयुष्यात पहिल्यांदा या देशात मत दिलं ते ‘कोणीही नाही’ला. त्या दिवशी सुमारे २ लाख ३८ हजार लोकांनी हेच केलं, म्हणजे डेमोक्रॅटिक मतदानाच्या ४० टक्के. क्लिंटन यांना ५५ टक्के मिळाले. विरोधात ओबामा किंवा एडवर्ड्स यांचं नावच नसताना ५५ टक्के, हे लक्षात घ्या.

माझ्या नवऱ्याने वेगळा मार्ग धरला. तो म्हणाला, इकडचं मत मोजणारच नाहीत तर मी रिपब्लिकन मतपत्रिका घेतो आणि मॅकेनना देतो. मिशिगनमध्ये पक्षनोंदणी नसते, त्यामुळे हे पूर्ण कायदेशीर होतं आणि आमच्या ओळखीत कितीतरी जणांनी तेच केलं. जिंकले रॉम्नी, तो भाग वेगळा.

मार्चमध्ये खरी चर्चा सुरू झाली. ओबामा आणि क्लिंटन अटीतटीला आले होते, एकेक डेलिगेट मोलाचा झाला होता, आणि मिशिगनमध्ये ३ जूनला फेरमतदान घ्यायचा प्रस्ताव आला. पैसा सरकारी नाही, देणगीदारांचा. क्लिंटनसमर्थक गव्हर्नर, न्यू जर्सीचे कॉर्झाइन आणि पेनसिल्व्हेनियाचे रेंडेल, निधी उभा करायला तयार होते. १९ मार्चला क्लिंटन स्वतः डेट्रॉइटला येऊन फेरमतदान घ्या म्हणाल्या. ओबामांच्या वकिलांनी मात्र शंकांवर शंका काढल्या. मी ओबामांची मतदार होते, नंतर नोव्हेंबरमध्ये त्यांनाच मत दिलं, तरी सांगते, त्यांच्या प्रचारयंत्रणेने तेव्हा चालढकल केली. आपला उमेदवार आघाडीवर आहे म्हणून मतदान नको, ही भूमिका मला तेव्हाही पटली नव्हती. दुसऱ्याच दिवशी विधिमंडळ काहीही न ठरवता सुट्टीवर गेलं आणि विषय संपला.

पण त्या प्रस्तावातलं एक कलम फार वाईट होतं. जानेवारीत ज्यांनी रिपब्लिकन मतपत्रिका घेतली त्यांना जूनमध्ये मत नाही! म्हणजे माझ्या नवऱ्याला नाही. ‘तुमचं मत मोजणार नाही’ असं पक्षानेच सांगितलं, म्हणून तो दुसरीकडे गेला, आणि आता दुसरीकडे गेलास म्हणून बाहेर. शिवाय कोणी कोणती मतपत्रिका घेतली याची यादी फक्त दोन पक्षांना मिळणार अशी तरतूद मूळ कायद्यात होती. मार्च संपायच्या आत फेडरल न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरवली. तेव्हा फेरमतदान व्हायला हवं होतं हे माझं मत ठाम आहे, पण या कलमासकट नाही.

लवकर मतदान घेतल्याबद्दल फ्लोरिडाचेही डेलिगेट रद्द झाले होते, पण ते प्रकरण याच्याशी जोडू नका, सगळे जोडतात. तिथे २९ जानेवारीची तारीख रिपब्लिकन विधिमंडळाने ठरवली, सही रिपब्लिकन गव्हर्नर क्रिस्ट यांची. मतपत्रिकेवर सगळ्यांची नावं होती आणि डेमोक्रॅटिक बाजूला १७ लाखांच्या आसपास मतं पडली. प्रचार झाला नाही हे खरं, पण मतदाराला आपलं माणूस निवडता आलं. तिथे पोस्टाने फेरमतदान घ्यायची कल्पना निघाली आणि १७ मार्चला पक्षाच्या राज्य अध्यक्ष केरन थर्मन यांनी ती सोडून दिली. माझ्या मते ठीकच झालं. फ्लोरिडाची मतं मोजायची होती. आमची पुन्हा घ्यायची होती.

आता दिरांचा भाग. भाऊजी आयोवात, डेस मॉइनला असतात. पुतणीच्या ग्रॅज्युएशनसाठी सगळे आमच्याकडे जमले होते आणि ३१ मे २००८ ला टीव्हीवर वॉशिंग्टनच्या हॉटेलातली नियम समितीची बैठक चालू होती. पोरं अंगणात, बायका बटाटेवडे तळताहेत, मी मात्र टीव्हीसमोरून हलले नाही. आमच्या मतांचं शेवटी काय केलं माहितीये? जानेवारीच्या आकड्यांप्रमाणे क्लिंटन यांना ७३ आणि अनकमिटेडला ५५ डेलिगेट येत होते. समितीने ते ६९ आणि ५९ केले, ५९ ओबामांच्या नावावर टाकले, आणि प्रत्येकाला अर्धं मत. १९ विरुद्ध ८ ने मंजूर. ६९-५९ हा आकडा कुठल्याही मतपेटीतून निघालेला नव्हता. राज्यातल्या पक्षनेत्यांनी एक्झिट पोल, हाताने लिहिलेली नावं वगैरे धरून अंदाजाने बांधलेला तो आकडा. फायदा माझ्या उमेदवाराचा झाला, तरी मला संताप आला. माझं मत काय होतं हे मला विचारायची सोय मार्चमध्ये होती. ती बंद केली आणि मेमध्ये काही माणसांनी माझ्या वतीने ठरवलं.

भाऊजी सोफ्यावरून म्हणाले, “वहिनी, नियम म्हणजे नियम. तुम्ही लोकांनी घुसखोरी केली. आम्ही रांगेत उभे राहिलो.”

‘आम्ही’ म्हणजे आयोवा. मी तेव्हा एवढंच म्हटलं की चोर सोडून संन्याशाला सुळी देताय. तारीख ठरवणारे आमदार, त्यासाठी वर्षानुवर्षं भांडणारे सिनेटर कार्ल लेव्हिन, पक्षाच्या डेबी डिंगेल, सगळ्यांची पदं जागच्या जागी राहिली. पण घरात पाहुणे, वाद वाढवायचा नव्हता. त्यांनी मात्र तो वाढवला. दरवर्षी गणपतीला फोन झाला की कुठून तरी तो विषय निघतोच.

म्हणून हे इथे नीट लिहून ठेवते. पक्षाच्या मूळ वेळापत्रकात आयोवाला १४ जानेवारीच्या आधी कॉकस (पक्षाच्या स्थानिक सभांमधून होणारी उमेदवाराची निवड) घ्यायची परवानगी नव्हती, न्यू हॅम्पशायरला २२ जानेवारीच्या आधी प्रायमरीची नव्हती. आयोवाने कॉकस घेतला ३ जानेवारीला, न्यू हॅम्पशायरने मतदान घेतलं ८ जानेवारीला. ज्या १ डिसेंबरच्या बैठकीत मिशिगनचे सगळे डेलिगेट गेले, त्याच बैठकीत या राज्यांना सूट मिळाली. लेव्हिन हेच ओरडून सांगत होते. तारीख चुकवणारे आम्ही एकटे नव्हतो. लाडक्या राज्यांना माफी, आम्हाला शिक्षा. आणि ती शिक्षासुद्धा टिकली नाही, ऑगस्टमध्ये डेन्व्हरच्या अधिवेशनाआधी मिशिगन आणि फ्लोरिडा दोघांनाही पूर्ण मतं परत दिली, कारण तोवर निकाल लागून गेला होता.

रिपब्लिकनांनी त्याच वर्षी लवकर मतदान घेणाऱ्या राज्यांचे निम्मे डेलिगेट कापले आणि पुढे गेले. मला ते जास्त प्रामाणिक वाटतं. निम्म्याने वजन घटलं तरी उमेदवार येतात, प्रचार होतो, मतपत्रिकेवर नावं राहतात. शून्य केलं की उमेदवारच पळतात आणि मग फेरमतदानाची मागणी उभी राहते.

काही गोष्टी तुमच्या बाजूने मान्य करते. फेरमतदानाला खर्च येतो, मिशिगनमध्ये तेव्हा एक कोटी डॉलरच्या वर आकडे सांगत होते. परदेशातल्या सैनिकांच्या मतपत्रिका जाऊन यायला वेळ लागतो. आपल्याकडे केंद्रावर गडबड झाली तर निवडणूक आयोग फेरमतदान घेतो, इथे पक्षाच्या उमेदवारीसाठी असा कोणी वरचा मालक नाही. आणि तारखा पाळणाऱ्या राज्यांना वाटणारच की आम्ही मूर्ख ठरलो. म्हणून सरसकट हक्क नको. मतपत्रिकेवरून खरे उमेदवार गायब होते का, आणि शर्यत अजून चालू आहे का, ही दोन्ही उत्तरं ‘हो’ असतील तरच. २०२४ मध्ये न्यू हॅम्पशायरने २३ जानेवारीला परवानगीशिवाय मतदान घेतलं, बायडन यांचं नाव मतपत्रिकेवर नसताना लोकांनी हाताने लिहून त्यांना जिंकवलं. एप्रिलमध्ये तिथल्या पक्षाने आपला एक छोटा कार्यक्रम घेतला आणि डेलिगेट परत मिळाले. तो नुसता कागदी सोपस्कार होता, त्याला फेरमतदान म्हणू नका.

त्याच वर्षी आयोवाचा डेमोक्रॅटिक कॉकस पहिल्या रांगेतून गेला. २०२० च्या मोजणीतल्या गोंधळानंतर पक्षाने वेळापत्रक बदललं, आणि मिशिगनला अधिकृत परवानगीने २७ फेब्रुवारी मिळाली. भाऊजींनी पोस्टाने मत पाठवलं, निकाल ५ मार्चला आला. ते मला फोनवर म्हणाले की हा आयोवावर अन्याय आहे, लोकांना विचारायला हवं होतं.

१४ जानेवारीच्या अटीचं काय, हे मी लगेच विचारलं. त्याचं उत्तर त्यांनी अजून दिलेलं नाही.