जखम भरून आली, पण वण लाल आणि उंच झालाय. काय लावावं?

तुम्ही लिहिलंय की दुचाकीवरून पडल्याला दोन महिने झाले. हनुवटीवर टाके पडले होते, तिथला वण आता लालसर आणि थोडा उंच झालाय, खाजतोही. गुडघ्याला नुसतं खरचटलं होतं, तिथे काळपट डाग राहिलाय. कोणत्या क्रीमने हे पूर्ण जाईल, व्हिटॅमिन ईची कॅप्सूल फोडून लावावी का आणि लेझर आत्ताच करून घ्यावं का, असे तुमचे तीन प्रश्न आहेत.

मी प्लास्टिक सर्जरी विभागात परिचारिका आहे. भाजलेल्या आणि अपघातातल्या जखमांचं ड्रेसिंग हेच माझं रोजचं काम. त्यामुळे पहिल्या प्रश्नाचं उत्तर स्पष्टच देते: त्वचेच्या खोल थरापर्यंत गेलेल्या जखमेचा वण समूळ पुसणारं क्रीम नाही. वण फिकट, सपाट आणि मऊ मात्र नक्की करता येतो, पुष्कळदा इतका की समोरच्याच्या नजरेतही येत नाही. त्यासाठी लागतात काही महिने आणि रोजची थोडी चिकाटी.

आधी गुडघा. खरचटणं वरवरचं असेल तर तिथे खरं म्हणजे वण झालेलाच नाही. सूज येऊन गेल्यावर त्वचेने जास्तीचं रंगद्रव्य तयार केलंय, एवढंच. सावळ्या आणि गव्हाळ त्वचेत हे फार सहज होतं. काही महिन्यांत तो डाग आपोआप फिकटतो. फक्त त्याला ऊन लागू देऊ नका आणि तो घासू नका. गोरं करणारी स्टेरॉइडमिश्रित क्रीमं मनाने लावू नका, त्यांनी त्वचा पातळ होते.

हनुवटीचं प्रकरण वेगळं आहे. तिथे खोलवरचा थर फाटला होता आणि तो शरीराने कोलॅजेन या प्रथिनाच्या धाग्यांनी सांधलाय. मूळ त्वचेत कोलॅजेनचे धागे सगळ्या दिशांनी एकमेकांत विणलेले असतात. वणात ते बरेचसे एकाच दिशेने, घाईघाईने टाकलेले असतात. कापडाला रफू केल्यासारखे. सुरुवातीला शरीर गरजेपेक्षा जास्त धागे टाकतं आणि भोवती नव्या रक्तवाहिन्या वाढवतं, म्हणून वण लाल, टणक आणि उंच दिसतो. नंतर तेच धागे मोडून पुन्हा नीट मांडले जातात. हे काम वर्षभर, कधी दोन वर्षंही चालू असतं. बहुतेक वण पहिल्या काही महिन्यांतच सगळ्यात वाईट दिसतात. तुम्ही नेमके त्या टप्प्यावर आहात. आत्ता आरशात जे दिसतंय ते अंतिम रूप नाही, हे कृपया मनावर घ्या. माझ्याकडे येणारी माणसं याच काळात सगळ्यात जास्त खचतात आणि याच काळात कोणीही सांगितलेलं काहीही लावून बसतात.

आता काय करायचं ते. उंच वणासाठी घरी करण्यासारख्या उपायांत माझा पहिला कौल सिलिकॉनला. भाजल्याच्या वणांवर ते १९८०च्या दशकापासून वापरात आहे. अभ्यास फार भक्कम नाहीत, पण धोका जवळजवळ नाही आणि मी वण मऊ होताना पाहिलेत. सिलिकॉन त्वचेतून उडून जाणारं पाणी अडवतं. वणाचा वरचा थर ओलसर राहिला की खाली कोलॅजेनची घाई कमी होते, असं मानतात. शीट असेल तर दिवसातले निदान १२ तास लावायची, जास्त वेळ राहिली तर उत्तम. हनुवटी बोलताना, खाताना सतत हलते, तिथे शीट टिकत नाही. म्हणून तुमच्यासाठी ट्यूबमधलं सिलिकॉन जेल बरं: दिवसातून दोनदा, अगदी पातळ थर, आणि पूर्ण वाळू द्यायचं. किमान तीन महिने. जखमेचं तोंड कुठे उघडं असेल, ओल येत असेल, तर मात्र ते भरेपर्यंत थांबा.

दुसरी गोष्ट ताण. वणाला बाजूची त्वचा जितकी ओढते तितका तो रुंद आणि जाड होतो. तीन आठवड्यांनी वणाची ताकद मूळ त्वचेच्या जेमतेम २० ते ३० टक्के असते. तीन महिन्यांनी ती ८० टक्क्यांच्या आसपास पोचते आणि साधारण तिथेच राहते. म्हणून छाती, खांदा, पाठ इथल्या टाक्यांवर आम्ही कागदी चिकटपट्टी काही आठवडे लावून ठेवायला सांगतो.

वण नीट भरलाय तर मालिशही सुरू करा. साधं बिनवासाचं मॉइश्चरायझर किंवा पेट्रोलियम जेली घेऊन बोटाच्या टोकाने वण घट्ट दाबायचा आणि गोल, उभा, आडवा असा हलवायचा. बोट त्वचेवरून घसरत नुसतं फिरलं तर उपयोग नाही, खालचा भाग हलला पाहिजे. दिवसातून दोन-तीन वेळा, पाच-पाच मिनिटं पुरे. मालिश आधी, मग त्वचा पुसून सिलिकॉन. खाजही याने कमी होते. वण सांध्यावर असता तर मी याहून आग्रहाने सांगितलं असतं, कारण सांध्यावरचा वण आखडला की हालचालच अडते आणि मग फिजिओथेरपीला पर्याय राहत नाही.

आणि ऊन! नव्या वणावर ऊन पडलं की तो काळवंडतो आणि तो रंग महिनोन्महिने हटत नाही. एसपीएफ ३० किंवा जास्तीचं सनस्क्रीन, बाहेर असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. निदान पहिलं वर्ष तरी यात सूट नको.

व्हिटॅमिन ईबद्दल: नको. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात शस्त्रक्रियेच्या वणांवर ते लावून पाहिलं. दहापैकी नऊ जणांत एक तर फरक पडला नाही, नाहीतर वण आणखी वाईट दिसला, आणि तिघांपैकी एकाला त्याचीच ॲलर्जी उठली. कांद्याच्या अर्काच्या जेलचा पुरावाही कमकुवत आहे. लिंबाचा रस तर अजिबात लावू नका. त्यावर ऊन पडलं तर त्वचा भाजते आणि नवा डाग पडतो.

लेझरची घाई करू नका. लालसरपणा कमी करणारं पल्स्ड डाय लेझर काही डॉक्टर लवकर सुरू करतात. वण कापून पुन्हा शिवायचा असेल तर मात्र सहसा वर्षभर थांबतात, कारण तोवर तो स्वतःच बराच बदलतो. शिवाय सावळ्या त्वचेवर लेझरची मात्रा चुकली तर तिथे काळा किंवा पांढरा डाग राहू शकतो. करायचं ठरवलं तर अशा त्वचेचा अनुभव असलेल्या त्वचारोगतज्ज्ञांकडेच करा.

थांबू नये अशी एक परिस्थिती आहे आणि ती तुम्हाला ओळखता आली पाहिजे. साधा उंच वण, म्हणजे हायपरट्रॉफिक वण, मूळ जखमेच्या हद्दीत राहतो आणि बऱ्याचदा कालांतराने बसतो. केलॉइड मात्र हद्द ओलांडून चांगल्या त्वचेवर पसरतो आणि आपोआप सहसा जात नाही. कानाची पाळी, छाती, खांदे, पाठीचा वरचा भाग या त्याच्या आवडत्या जागा. जबड्याच्या कडेलाही होतो, म्हणून तुमच्या हनुवटीवर लक्ष हवं. घरात कोणाला केलॉइड असेल तर जास्तच. त्यावर ट्रायमसिनोलोन या स्टेरॉइडची इंजेक्शनं थेट वणात, साधारण चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने देतात. ती जितकी लवकर सुरू होतील तितकी बरी. केलॉइड नुसता कापून टाकायला कोणी सांगितलं तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या, कारण फक्त कापलेला केलॉइड निम्म्या किंवा त्याहून जास्त रुग्णांत परत येतो. कापल्यानंतर इंजेक्शनं किंवा किरणोपचार जोडावे लागतात.

तेव्हा आज एक करा: वणाचा फोटो काढा, शेजारी मोजपट्टी धरून. दर महिन्याला त्याच खिडकीपाशी, त्याच उजेडात पुन्हा काढा. वण जखमेच्या रेषेबाहेर सरकताना दिसला, किंवा तीन महिने सिलिकॉन लावूनही उंची वाढतच राहिली, तर ते फोटो घेऊन त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. वण गरम, दुखरा होऊन त्यातून पू आला तर मात्र त्याच दिवशी जा.