भरतनाट्यम् करतेय, सिनेमात जायचंय. स्टेजचे कार्यक्रम बंद करू का?

तुमचा प्रश्न असा : बेळगावात बारा वर्षं भरतनाट्यम् झालं, अरंगेत्रम् (पहिला पूर्ण एकल कार्यक्रम) झालं, आता सिनेमात अभिनय करायचाय, तर कार्यक्रम थांबवावेत का?

इतक्यात थांबवू नका. दोनेक वर्षं दोन्ही चालू द्या. अभिनय तुम्हाला येतो, पण तो शेवटच्या रांगेला दिसावा म्हणून घडवलेला आहे. ते माप उतरवायला वेळ लागतो, आणि तोवर कार्यक्रमांचे पैसे तरी हातात येतात.

'यतो हस्तस्ततो दृष्टिः', म्हणजे जिथे हात तिथे नजर, हे पहिल्या वर्षापासून अंगात मुरवतात, आणि कॅमेऱ्यासमोर नेमकं तेच नडतं. घरी चहाचा कप उचलताना कुणी कपाकडे टक लावून बघत नाही. तुमची नजर मात्र हाताबरोबर जाणार, तिच्यामागे मान, मग भुवई. बाई चहा पितेय असं न वाटता चहाचं पदम् (अभिनयाची संथ नृत्यरचना) चालू आहे असं वाटतं! यावर उपाय साधा. मोबाईल डोळ्यांच्या उंचीवर, चेहरा चौकटभर येईल असा लावा. "आई, मी उद्या येत नाही" एवढंच वाक्य तीनदा म्हणा : स्टेजवर म्हणाल तसं, मग निम्म्यावर आणून, मग भुवई अजिबात न हलवता. नंतर आवाज बंद करून बघा. बहुतेक वेळा तिसरंच खरं वाटतं. रोज पंधरा मिनिटं, महिनाभर.

दुसरी खोड चालीची. अरैमंडीमुळे, म्हणजे गुडघे बाहेर वाकवून अर्धं बसण्याच्या मूळ स्थितीमुळे, पावलं बाहेर वळलेली, पाठ ताठ. खानापूरकडची शेतातून घरी येणारी बाई अशी चालत नाही. पावलं सरळ टाकायची सवय मुद्दाम करावी लागते.

एका बाबतीत मात्र तुम्ही पुढे आहात. तोच प्रसंग लांबून, खांद्यावरून, जवळून असा पुन्हापुन्हा घेतात आणि प्रत्येक वेळी कप त्याच शब्दाला उचलावा लागतो, नाहीतर एडिटिंगमध्ये जोड बसत नाही. उभं राहण्यासाठी केलेली जमिनीवरची खूण न बघता गाठणंही तुम्हाला जड नाही. फक्त हालचाल शब्दाला बांधा, मात्रेला नको. मनात ताल मोजत असाल तर ते डोळ्यांत दिसतं. शूटिंग मार्गम् (कार्यक्रमातल्या रचनांचा ठरलेला क्रम) सारखं क्रमानं चढत जात नाही. सकाळी शेवटाकडचा सीन, दुपारी सुरुवातीचा. म्हणून प्रत्येक सीनआधी वहीत लिहा : ही आता कुठून आली, तिला काय माहीत आहे, किती दमलीय.

सुरुवात एकांकिका आणि शॉर्टफिल्मपासून करा, मग मालिकेतल्या दोन-चार वाक्यांच्या भूमिका. कोल्हापूरची चित्रनगरी गाडीनं दोन-अडीच तासांवर, बेंगळुरूला रात्रीची राणी चन्नम्मा एक्सप्रेस. कन्नड येत असेल तर दोन्हीकडे प्रयत्न करा. आपल्या भागाचा हा मोठा फायदा. "काय करूलालास?" ही बोली टाकू नका, पण प्रमाण मराठीतही सहज बोलता आलं पाहिजे. नाचातून येणाऱ्यांना मराठी पडदा नवा नाही म्हणा. कारवारकडच्या जयश्री गडकर समूहनृत्यातूनच पुढे आल्या आणि 1959 च्या 'सांगत्ये ऐका'नं नायिका म्हणून गाजल्या.

ऑडिशनची क्लिप मिनिटभराची करा : नाव, उंची, येणाऱ्या भाषा, दोन्ही बाजूंनी चेहरा, मग संवाद. नजर लेन्समध्ये नको, किंचित बाजूला. नाचाची क्लिप मागितली तरच, वेगळी पाठवा. ऑडिशनसाठी पैसे मागणाऱ्याचा नंबर तिथल्या तिथे ब्लॉक करा. आणि कानापर्यंत ओढलेलं काजळ त्या दिवशी पुसून जा.