आवाज विकू नका, वापर ठरवून द्या

(वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं. या वेळचा विषय : एआय, मनोरंजन आणि कोल्हापुरातली कामं)

प्रश्न : मी राजारामपुरीत राहतो. जाहिराती आणि डबिंगला आवाज देतो. एका कंपनीनं तीन तासांच्या ‘व्हॉइस डेटा’ रेकॉर्डिंगसाठी नेहमीच्या दुप्पट दर देऊ केला आहे, पण एकरकमी. करार इंग्रजीत आहे. सही करू का?

उत्तर : आहे तशा करारावर करू नका. डबिंगमध्ये तुम्ही एक काम करून देता. इथं तुमच्या आवाजाचा साचाच मागितला जातोय. ओतकामाच्या गावात हा फरक फोडून सांगायला नको. जॉब म्हणजे तयार नग विकणं वेगळं आणि ज्यावरून नग ओततात तो मूळ नमुना, पॅटर्न, देऊन टाकणं वेगळं. पॅटर्न गेला की पुढची ओतकामं कुठं, किती आणि कुणासाठी होतात, हे तुम्हाला कळणारही नाही. आवाजाची ढोबळ नक्कल मिनिटभराच्या स्वच्छ रेकॉर्डिंगवरूनही होते. व्यावसायिक दर्जाच्या नकलेला साधारण अर्धा तास ते तीन तास लागतात. म्हणजे तुमच्याकडून मागितलेले तीन तास पुऱ्या साच्याला पुरेसे आहेत.

करारात ‘परपेच्युअल’ (कायमचं), ‘वर्ल्डवाइड’ (जगभर) आणि ‘इर्रिव्होकेबल’ (मागं न घेता येणारं) हे तीन शब्द शोधा. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १९ प्रमाणे करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. कलम ३९अ मुळं हेच कलाकाराच्या हक्कालाही लागू होतं. मात्र हे संरक्षण कागद गप्प असेल तेव्हाच मिळतं. ‘कायमचं, जगभर’ या शब्दांखाली तुमची सही पडली की ते संपलं.

हे शब्द खोडून त्यांच्या जागी नेमकं लिहून घ्या : कोणत्या कामासाठी, फक्त मराठीत, एक वर्षासाठी, तिसऱ्या कंपनीला न देण्याच्या अटीवर. राजकीय प्रचार, कर्जाची ॲप आणि औषधांच्या जाहिराती यांना स्पष्ट नकार लिहा. मोबदला रेकॉर्डिंगच्या तासावर घेऊ नका, तयार होऊन वापरल्या गेलेल्या आवाजाच्या मिनिटांवर घ्या, आणि दर तिमाहीला हिशेब मागा. मुदत संपल्यावर साचा आणि मूळ फायली पुसल्याचं लेखी पत्र मिळेल, असंही कलम हवं.

एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. तुमच्या आवाजाचा स्वतंत्र साचा पुसता येतो. पण हजारो आवाजांत मिसळून मोठं मॉडेल शिकवलं असेल, तर त्यातून एकट्याचा आवाज परत वेगळा काढता येत नाही. म्हणून ‘क्लोन’ची परवानगी आणि ‘ट्रेनिंग’ची परवानगी ही दोन वेगळी कलमं करा. दुसरीला सरळ नाही म्हणा, नाहीतर तिचे पैसे वेगळे आणि भरपूर घ्या.

जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं गायक अरिजित सिंग यांच्या आवाजाची एआय नक्कल रोखणारा अंतरिम आदेश दिला. तो महत्त्वाचा आहे, पण तिथं आवाज देशभर ओळखीचा होता. तुमची बाजू मुख्यतः कागदावरच उभी राहणार. कोर्टात जायची वेळ येण्यापेक्षा आज वकिलाला फी देऊन करार वाचून घेणं स्वस्त पडेल.

प्रश्न : मंगळवार पेठेत माझं एडिटिंगचं दुकान आहे. चपलांचे एक व्यापारी तीस सेकंदांची जाहिरात पूर्ण एआयवर करून मागतायत. जमेल का?

उत्तर : जमेल, फक्त चप्पल खरी शूट करा. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे आणि ओळखणारं गिऱ्हाईक कान, वेणी, अंगठा नीट बघतं. एआय मॉडेल एका शॉटमध्ये कान गायब करतं, दुसऱ्यात वेणी उलटी घालतं, तिसऱ्यात तळाला खिळे ठोकतं. अस्सल चप्पल चामड्याच्याच दोरीनं शिवतात. नसलेला माल दाखवला तर ती दिशाभूल ठरते आणि ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. खिडकीजवळ टेबल आणि समोर पांढरा थर्माकोल ठेवलात की अर्ध्या तासात चपलेचे शॉट होतात.

पार्श्वभूमी, पाऊस, गर्दी एआयवर घ्या. तीस सेकंदांना तीन-चार सेकंदांचे आठ-दहा शॉट धरा. माणसाचा चेहरा शॉटगणिक बदलतो, म्हणून एकच पक्कं चित्र तयार करून प्रत्येक वेळी तेच संदर्भ म्हणून द्या. पाटीवरची देवनागरी मॉडेलला लिहायला सांगू नका, जोडाक्षरं फुटतात. पाटी कोरी ठेवा आणि अक्षरं एडिटिंगमध्ये युनिकोड फॉन्टनं बसवा.

खरी कसोटी आवाजाला लागते. ‘हे जग’ आणि ‘नीट जग’ यांतले दोन ज वेगळे आहेत, पण यंत्र बऱ्याचदा दोन्ही सारखेच म्हणतं. नुक्ता देऊन ‘ज़ग’ लिहून बघा, नाहीतर शब्द बदला. आकडे अक्षरात लिहा. ३.५ लिहिलंत तर ‘तीन पॉइंट पाच’ ऐकू येईल, ‘साडेतीन’ नाही. आणि पात्र कोल्हापूरची बाई असेल तर संहिता स्वतः वाचा. आपल्याकडं बाई ‘मी येतो, जातो’ म्हणते. एआय ती चूक समजून ‘येते’ करून टाकतं आणि ती बाई कोल्हापूरची राहत नाही. हे पकडणारा माणूस तुमच्या दुकानात आहे, बिलात त्याचा दर लावा.

यूट्यूबवर टाकताना खरी वाटावीत अशी कृत्रिम दृश्यं असतील तर तसं जाहीर करण्याचा पर्याय निवडावा लागतो. मार्च २०२४ पासून हा नियम आहे.

प्रश्न : चित्रनगरीत गर्दीच्या दृश्यांना मी जातो. आता एकदाच चारी बाजूंनी फोटो काढतात, असं ऐकतो. धोका आहे का?

उत्तर : आहे. एक दिवसाच्या हजेरीत काढलेलं स्कॅन पुढच्या दहा सिनेमांत गर्दी म्हणून उभं करता येतं. हॉलिवूडमध्ये २०२३ साली नटांनी ११८ दिवस संप केला, त्याचं हे एक मोठं कारण होतं. शेवटी डिजिटल प्रतिकृतीसाठी संमती आणि मोबदला करारात आला. इथं निदान हजेरीपत्रकावरच लिहून घ्या : ‘स्कॅन फक्त याच चित्रपटासाठी’. सगळ्यांनी मिळून मागितलं तरच मिळेल.

प्रश्न : मुलगा आयटीआयला मशिनिस्ट करतोय. उद्यमनगरात रोबोट आले, तर त्याचा उपयोग काय? (एक आई)

उत्तर : आधी जाणार ती नुसता जॉब लावून बटण दाबायची नोकरी. ओतकामाच्या फेटलिंगमध्येही, म्हणजे ओतलेल्या नगावरचा जास्तीचा धातू घासून काढण्याच्या कामातही, रोबोट येतील. त्या धुळीतून माणूस सुटतोय हे चांगलंच, पण आज ते काम करणाऱ्या कंत्राटी कामगारांना दुसरं काम शिकवणं ही मालकांची जबाबदारी आहे. एकसारखे हजारो नग असतील तिथं रोबोट परवडतो. पन्नास नगांच्या ऑर्डरीत, जिथं प्रत्येक कास्टिंगची फ्लॅश (कडेला उरलेला जास्तीचा धातू) वेगळी निघते, तिथं तो अडतो.

मुलानं ड्रॉइंग वाचणं, ऑफसेट देणं (मशिनमध्ये हत्याराचं माप दुरुस्त करणं), बोअर गेजनं भोकाचं माप घेणं पक्कं करावं. बोअर (भोक) दोन शतांश मिलिमीटरनं मापाबाहेर गेला तर इन्सर्ट (कापणारं पातं) झिजलाय, नग पकडायच्या जागी धातूचा कीस अडकलाय, की सकाळचा थंड स्पिंडल (मशिनचा फिरता दांडा) आता तापलाय, हे ओळखता आलं पाहिजे. नोकरी बघताना पहिले सहा महिने सेटरच्या (मशीन जुळवून देणाऱ्या कारागिराच्या) हाताखाली उभा करणारा कारखाना निवडा, पगार हजार-पाचशे कमी असला तरी.