उष्ण झऱ्यातील पेशी आणि त्यांचा नायट्रोजनचा साठा

प्रश्न : तुरळच्या गरम पाण्याच्या झऱ्याकाठी जमणाऱ्या हिरव्या थरातून वाढवलेल्या सायनोबॅक्टेरियामध्ये (प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या जीवाणूंमध्ये) आम्हाला चमकदार कण दिसले. ते सायनोफायसिन या साठवणीच्या पदार्थाचे असावेत असे समजून, साठा वाढावा म्हणून आम्ही माध्यमातील नायट्रेट काढून टाकले. पण कण दिसेनासे झाले. आमचे काय चुकले? हे कण वेगळे कसे काढावेत?
— एक एम.एस्सी. विद्यार्थिनी, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : ग्लायकोजेन (पेशीतील कर्बोदकाचा साठा) नायट्रोजनच्या टंचाईत साठते, म्हणून सायनोफायसिनही तसेच साठेल असे वाटणे स्वाभाविक आहे. मात्र सायनोफायसिन हा खुद्द नायट्रोजनचाच साठा आहे. अ‍ॅस्पार्टिक आम्लाच्या साखळीतील प्रत्येक घटकाला आर्जिनिन या नायट्रोजनयुक्त अमिनो आम्लाचा एकेक रेणू जोडलेला असल्यामुळे त्याच्या वजनाचा सुमारे 26 टक्के भाग नायट्रोजनचा असतो, आणि उपासमार होताच पेशी तो खर्चून टाकते. तेव्हा नायट्रेट भरपूर ठेवा आणि फॉस्फेट तोडा, म्हणजे वाढ खुंटेल आणि साठा मात्र होत राहील.

पेशी थंडाव्यातच फोडाव्यात. उष्णताप्रिय जीवांची विकरे (एन्झाइम) बर्फावर मंदावतात आणि कण पचण्याचा धोका कमी होतो. सेंट्रिफ्यूजमध्ये तळाशी बसलेला साका ट्रायटन एक्स-100 या डिटर्जंटच्या सौम्य द्रावणाने, निळा-हिरवा रंग जाईपर्यंत, पुन्हा पुन्हा धुवावा. मग त्यावर 0.1 नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल घालावे. सायनोफायसिन विरघळते आणि इतर बराचसा गाळ तळाशीच राहतो. वरची निवळ वेगळी काढून सोडियम हायड्रॉक्साइड थेंबाथेंबाने सोडत सामू (pH) 7 कडे न्यावा. स्वच्छ द्रावणात दुधासारखा पांढरा ढग उतरू लागतो. एवढी शुद्ध खूण दुसऱ्या चाचणीत क्वचितच मिळते.

तरीही केवळ साकागुची चाचणीच्या लाल रंगावर विसंबू नका, कारण आर्जिनिन असलेले कोणतेही प्रथिन तो रंग देते. हा पांढरा साका 6 नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात 110 अंश सेल्सिअसला सुमारे 24 तास ठेवून अमिनो आम्ले मोजावीत. आर्जिनिन व अ‍ॅस्पार्टिक आम्ल जवळपास समप्रमाणात हवेत. जेल इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये (रेणू आकारानुसार वेगळे करण्याच्या पद्धतीत) एकच रेघ न दिसता साधारण 25 ते 125 किलोडाल्टनचा पसरट पट्टा दिसला तर घाबरू नका. हा पदार्थ रायबोसोमवर (पेशीतील प्रथिने बनवणाऱ्या यंत्रणेवर) तयार होत नसल्यामुळे त्याच्या साखळ्यांची लांबी सारखी नसते. 1999 साली सिनेकोकॉकस एमए-19 या उष्णताप्रिय वाणातून सायनोफायसिन व ते घडवणारे विकर, दोन्ही शुद्ध करण्यात आले होते, त्यामुळे तुमच्या वाणात ते असणे मुळीच अशक्य नाही.